दवाखान्याची साडी

सई आणि निनाद,

मागच्या रविवारी फोनवर सईने मला एक प्रश्न विचारला आणि मी तिला चुकीचं उत्तर दिलं. ते दुरुस्त करण्यासाठी हे लिहिते आहे. निनादला मराठी वाचायला कष्ट पडतात, तेव्हा सईने त्याला हे मोठ्याने वाचून दाखवावं.

सईला कॉलेजात निबंध लिहायचा होता. तिकडे परदेशात काळ्या बायकांना बाळंतपणात गोऱ्या बायकांपेक्षा जास्त धोका असतो, दुखतंय म्हणून सांगितलं तरी त्यांच्यावर लवकर विश्वास ठेवत नाहीत, असं ती सांगत होती. मग म्हणाली, "आजी, तू एवढी वर्षं दवाखान्यात होतीस. तुमच्याकडे असं होतं का गं?" मी लगेच म्हणाले, "छे! आमच्याकडे काळं-गोरं काही नसतं. आमच्याकडे सगळे नंबराने जातात." फोन ठेवला, चहा केला, कप हातात घेतला आणि मला ठकूबाई आठवल्या. चहा तसाच निवून गेला.

भोरला एका ट्रस्टचा दवाखाना आहे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण त्या वेळची बरीच माणसं अजून हयात आहेत. मी तिथे केसपेपरच्या खिडकीत बसायचे. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली बाई केसपेपर लिहिते याचं लोकांना नवल वाटायचं, मला नाही. रेघा आखाव्यात, कागद सारख्या आकाराचे लावावेत, टाचणी नेहमी डाव्या कोपऱ्यात असावी, यात मला सुख होतं. तुमची आई अजून चेष्टा करते की मी मिठाच्या बरणीवरसुद्धा तारीख लिहिते. खरं आहे. पण हे माझ्याबद्दल नाही, ठकूबाईंबद्दल आहे. मी यात फक्त खिडकीपुरती आहे.

ठकूबाई कातकरी होत्या. हिर्डोशीच्या पुढे, वरंध घाटाच्या अंगाला, रस्ता सोडून तासभर चढलं की त्यांची वस्ती लागते. कातकरी म्हणजे डोंगरातले मूळचे लोक. बहुतेकांना स्वतःची जमीन नाही. मासे आणि खेकडे धरायचे, करवंदं आणि मध विकायचा, दिवाळी झाली की बिऱ्हाड उचलून कोळशाच्या भट्ट्यांवर जायचं, पावसाच्या तोंडाला परत यायचं. गावातले लोक त्यांच्याकडून मध घ्यायचे, पण त्यांना ओट्याच्या खालीच उभं करायचे.

ठेंगणी, काटक बाई. वयाने माझ्याएवढीच असावी. उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं होतं. खेकड्याने धरलं म्हणून सांगायच्या आणि वर म्हणायच्या, "त्येचा बी नांगा मोडला म्या." दवाखान्यात आम्ही सगळे त्यांना "ठके" म्हणून हाक मारायचो. शेतकऱ्याची बायको आली तर "काय मावशी, काय होतंय?" आणि यांना "ए ठके, तिकडं थांब." मीही तसंच बोलायचे. आता "त्या" असं लिहिते आहे, पण तेव्हा तसं म्हणत नव्हते, हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

त्या स्वतः कधी आजारी म्हणून आल्या नाहीत. कायम दुसऱ्या कुणाला तरी घेऊन यायच्या. वस्तीतलं कुणी तापलं, कुणाची कूस दुखायला लागली, कुणाला विंचू चावला की ठकूबाई निघायच्या. हिर्डोशीला खाली यायचं, एस.टी. मिळाली तर मिळाली. चालताना त्या पुढे आणि पेशंट मागे. दर थोड्या पावलांनी मागे न बघता विचारायच्या, "हायस का?" मागून "हाय" असा आवाज आला की पुढची पावलं. त्यांना एकदा म्हटलं, "मागे वळून बघावं की." तर म्हणाल्या, "वळून बघितलं की मानूस बसून घेतंय, बाई. इचारलं की चालतंय."

वाचता येत नव्हतं, पण पेशंटचं दुखणं तोंडपाठ. मी तारीख विचारली की उत्तर यायचं, "भात झोडून झालं, त्येच्या दुसऱ्या बाजाराला थंडी वाजून आली." मला ती तारीख काढायला कॅलेंडर उघडावं लागे. वय विचारलं तर, "एष्टी पहिल्यांदा वर आली तवा ही रांगत हुती." मी वैतागून म्हणायचे, "अगं ठके, आकडा सांग, आकडा!" त्या शांतपणे म्हणायच्या, "आकडा तुमी घाला. तुमाला येतोय."

बाकावरचा एक प्रसंग सांगते. खिडकीसमोरच्या व्हरांड्यात दोन लाकडी बाकं होती. कातकरी माणसं बाकावर बसत नसत, पायरीपाशी जमिनीवर बसत. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं, पाटीही नव्हती. ठकूबाई मात्र आल्या की बाकावर बसायच्या आणि पेशंटलाही दंडाला धरून बसवायच्या. एकदा भोंगवलीकडची एक बाई, चांगल्या घरची, पदर नाकाला लावून म्हणाली, "जरा सरका तिकडं. मासळीचा वास येतोय."

ठकूबाईंनी तिच्याकडे बघितलं. "व्हय, येतुया. तुमच्या घरात कालवण शिजतं तवा न्हाई का येत, ताई?"

"आमच्यात कोण खातंय रोज!"

"रोज कशाला? आयतवारी तुमचंच मालक घिऊन जात्यात की माझ्याकनं. मोठं मोठं बघून."

बाकावरच्या बाकीच्या बायका हसल्या. ती बाईसुद्धा शेवटी हसली आणि थोडी सरकली. फार नाही, वीतभर.

आता साडीचं. वर्षभर तरी मी बघत होते की त्या वस्तीतून येणारी प्रत्येक बाई पोपटी रंगाच्या, तपकिरी काठाच्या साडीत येते. म्हातारी असो, तरणी असो, साडी तीच. मला वाटलं कुण्या संस्थेने सरसकट एकाच रंगाच्या साड्या वाटल्या असतील. एकदा ठकूबाईंना विचारलं, "तुमच्या वस्तीत सगळ्यांना एकच रंग आवडतो वाटतं?"

त्या खिडकीच्या गजाला धरून हसल्या. "सगळ्यांच्या कुठल्या, बाई? येकच हाय ती. दवाखान्याची साडी."

मग सगळं सांगितलं. मधाच्या पैशातून त्यांनी ती साडी घेतली होती. एरवी त्यांच्याच झोपडीत आढ्याला गाठोडं करून टांगलेली असायची. ज्या बाईला दवाखान्यात न्यायचं तिला ती नेसवायची, परत आली की धुवून पुन्हा आढ्याला. ठकूबाई स्वतः मात्र आपल्या ठिगळाच्या लुगड्यातच यायच्या.

"पण कशासाठी?" मी विचारलं.

"फाटक्या लुगड्याच्या बाईला तुमचा डाक्टर लांबनंच तपासतो. नव्या साडीला हात लावतो."

मी म्हटलं, "असं काही नसतं. डॉक्टर चांगले आहेत."

"चांगलंच हायती. म्या कुठं वंगाळ म्हनलं? लांब हायती म्हनलं."

आमचे डॉक्टर तेव्हा तरुण होते, पुण्याहून आलेले, कष्टाळू. मी एक-दोनदा आत औषधाचा कागद द्यायला गेले तेव्हा मुद्दाम बघितलं. कातकरी बाई आली की ते खुर्ची मागे टेकवून विचारत, "काय होतंय? कधीपासून?" आणि लिहायला लागत. दुसरी बाई आली की पुढे झुकत. त्यांना स्वतःला हे माहीत नसावं. एकदा ठकूबाई एका म्हातारीला घेऊन आत गेल्या होत्या. डॉक्टर गोळ्या लिहायला लागले तेव्हा त्यांनी म्हातारीचं मनगट उचलून सरळ डॉक्टरांच्या तळहातावर ठेवलं. "हात लावा की, सायेब. लावल्याबिगर कसं कळंल?" डॉक्टर लाजले. मग त्यांनी नाडी बघितली, पोट बघितलं, डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आणि म्हातारीला दाखल करून घेतलं. अंगात रक्तच उरलं नव्हतं तिच्या.

इतकं बघूनही मला पुढचं दिसलं नाही. ते आता लिहायचं आहे.

ट्रस्टचा नियम होता की आदिवासींना तपासणी आणि औषधं मोफत. चांगला नियम. पण पूर्वी गोंधळ व्हायचा. औषधाच्या खिडकीवर कुणी त्यांच्याकडे पैसे मागे, मग त्या लोकांना परत माझ्याकडे यावं लागे, पुन्हा रांग. मला गोंधळ सहन होत नाही. मी एक पद्धत काढली. मोफत रुग्णाच्या केसपेपरवर उजव्या कोपऱ्यात, ठळक, लाल शाईने लिहायचं: "कातकरी, मोफत". बाकी सगळ्यांचे कागद निळ्या शाईत. कुणालाही लांबून कळावं. ट्रस्टींनी बैठकीत माझं कौतुक केलं. मी लाल शाईची दौत आणि वेगळा टाक खिडकीत ठेवला, टाक रोज संध्याकाळी धुवून ठेवत असे.

कागद भरला की मी तो एका ट्रेमध्ये टाकायचे. तिथून आमचे शिपाई बबनराव गठ्ठा उचलून डॉक्टरांच्या टेबलावर नेत आणि एकेकाला नावाने आत बोलावत. डॉक्टर दीडला उठत. तोवर ज्यांचा नंबर आला नाही त्यांना "उद्या या" असं सांगितलं जाई. भोरातल्या माणसाला उद्या म्हणजे उद्या. हिर्डोशीच्या वरच्या माणसाला उद्या म्हणजे आजचं सगळं चालणं पुन्हा.

पावसाळा संपत आलेला होता. ठकूबाई सकाळी खिडकी उघडायच्या आधीच येऊन बसलेल्या. बरोबर त्यांच्या बहिणीची मुलगी, वनिता. पहिलटकरीण, आठवा महिना. पोपटी साडी तिला आखूड झाली होती, कारण पोरगी उंच होती. पाय टम्म सुजलेले, चेहराही. मी कागद लिहिला, कोपऱ्यात लाल अक्षरं काढली, ट्रेमध्ये टाकला. तो त्या दिवशीचा तिसरा कागद होता.

तासाभराने ठकूबाई खिडकीशी आल्या. "बाई, हिचं डोस्कं लई दुखतंय."

"नंबर येईल. बसा."

पुन्हा आल्या. "डोळ्यांम्होरं काजवं चमकत्यात म्हनती."

"येईल गं नंबर, ठके. सगळ्यांनाच घाई असते." मी हे चिडून म्हटलं नाही. मायेने म्हटलं. माझा रांगेवर विश्वास होता. रांगेत सगळे सारखे, असं मी घरी तुमच्या आईलाही शिकवलं होतं.

तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांचा आवाज खाली आलेला होता. "नंबर येत न्हाई, बाई. आमच्या मागनं आलेली मानसं गोळ्या घिऊन एष्टीला गेली."

"असं होत नाही," मी म्हटलं आणि समोरच्या माणसाचं नाव लिहायला लागले.

साडेबाराच्या सुमारास व्हरांड्यातून ओरडण्याचा आवाज आला. वनिता बाकावरून खाली पडली होती. हातपाय ताठ, तोंडाला फेस, जीभ दातांत. ठकूबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलेलं आणि आपल्या पदराचा बोळा तिच्या दातांत धरलेला. डॉक्टर धावत आले. त्यांनी तिथेच जमिनीवर बसून इंजेक्शन दिलं, रक्तदाब बघितला आणि माझ्याकडे मान वर करून विचारलं, "ही कधी आली?"

मी म्हटलं, "सकाळी. तिसरा नंबर."

"मग मला आधी का नाही दाखवली?"

दवाखान्याच्या जीपमधून तिला पुण्याला नेलं. डॉक्टर स्वतः बरोबर गेले. कामथडीच्या पुढे हायवेला तिला पुन्हा झटका आला, असं ड्रायव्हरने नंतर सांगितलं. वनिता वाचली. बाळ पोटातच गेलं होतं. मुलगी होती.

जवळजवळ महिन्याने ठकूबाई आल्या. दुपारची वेळ, व्हरांडा रिकामा. बरोबर पेशंट नव्हता. मला वाटलं, आता बोलतील, आणि मी ऐकून घ्यायची तयारी केली. त्यांनी कमरेची प्लास्टिकची पिशवी सोडली आणि त्यातून केसपेपर काढले. वस्तीतल्या सगळ्यांचे, घडी घालून नीट जपलेले. ते खिडकीच्या फळीवर एकेक मांडले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात माझी लाल, वळणदार अक्षरं.

"बाई, तुमी चांगल्या हायसा. म्हनून तुमालाच इचारते. ह्ये लाल कशापायी?"

मी समजावून सांगितलं. लाल म्हणजे मोफत. पैसे पडू नयेत म्हणून.

"निळ्याचं कागूद वर, लालचं खाली. म्या दारातनं बघितलंय. दर बारीला. लाल सगळ्यात तळाला. मागनं निळं आलं की त्ये बी वर." त्यांनी हाताने गठ्ठा लावून दाखवला, वाकड्या बोटासकट. "फुकाट म्हंजी मागनं, आसं हाय का?"

"नाही. तसा काही नियम नाही."

"मग निळ्यानं लिवा." त्यांनी एक कागद माझ्याकडे सरकवला. "फुकाट ठिवायचं तर ठिवा, न्हाई तर नगं. करवंदं इकून दिऊ. पर निळ्यानं लिवा."

त्यांनी कागद गोळा केले, पिशवीत घातले आणि गेल्या. बाळाचं नाव काढलं नाही. मला दोषही दिला नाही. दिला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

पुढचा आठवडा मी माझ्या खुर्चीची दिशा बदलून बसले, म्हणजे मधल्या दारातून डॉक्टरांचं टेबल दिसेल. ठकूबाईंनी सांगितलं तसंच होतं. अगदी तसंच. मी बबनरावांना विचारलं. ते खरोखर गोंधळले. "म्या काय केलं, मॅडम? पैशेवाली मानसं येळ झाला की आरडाओरडा करत्यात, ही बिचारी गप बसत्यात. म्हनून लाल खाली, निळं वर. सायबांस्नी बी सोपं पडतं." डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मी वरचा कागद उचलतो. खाली कोण आहे मला कसं कळणार?" आणि मी लाल शाईने का लिहीत होते, तर त्या लोकांचं भलं व्हावं म्हणून.

सई, तुझ्या निबंधात यातला कोण कुठे बसतो ते तू ठरव. मला ते अजून नीट जमलेलं नाही. बबनराव देवमाणूस होते, स्वतःच्या डब्यातली भाकरी पेशंटला देणारे. डॉक्टर तिला घेऊन जीपमध्ये बसले होते. सकाळी तपासलं असतं तर ते बाळ जगलं असतं का? डॉक्टरांना मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "कदाचित." तो शब्द मी कुठे लिहून ठेवला नाही, तरी गेला नाही.

दुसऱ्या सोमवारपासून मी सगळे कागद निळ्या शाईत लिहायला लागले. कोण मोफत, ते माझ्याकडच्या वहीत. प्रत्येक कागदावर मोठा नंबर घातला आणि बबनरावांना सांगितलं की नंबर पुकारायचा, नाव नाही. ते पुटपुटले, पण ऐकलं. पैसे देणाऱ्या काही मंडळींनी ट्रस्टींकडे तक्रार केली. मला बोलावणं आलं. मी साधंच सांगितलं, "हिशेबाला सोपं पडतं." त्यांना पटलं. खरं कारण सांगितलं असतं तर पटलं असतं की नाही, माहीत नाही. मी सांगून बघितलं नाही, हेही तुम्हाला कळू दे.

ठकूबाई येत राहिल्या. पहिल्या खेपेला त्यांनी फळीवरचा कागद उचलून उजेडात धरला, कोपरा बघितला आणि परत ठेवला. पुढच्या मे महिन्याच्या शेवटी मला पळसाच्या पानांचा एक द्रोण मिळाला, करवंदांनी भरलेला. मी पैसे विचारले तर म्हणाल्या, "लिवा तुमच्या वहीत. मोफत." आणि स्वतःच हसल्या. आमच्या ओळखीतला हाच एक विनोद.

वनिता कधीमधी त्यांच्याबरोबर यायची. पुढे तिला दोन मुलं झाली, दोन्ही पुण्याला. ती खिडकीपाशी येत नसे. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभी राही. माझ्याकडे एकदाही तिने सरळ बघितलं नाही. मीही तिला हाक मारली नाही. काय म्हणून मारणार होते?

मी निवृत्त झाले. दवाखान्याची नवी इमारत झाली, कॉम्प्युटर आले, केसपेपर छापून निघायला लागला, नंबर भिंतीवरच्या पाटीवर लाल आकड्यांत उमटतो. चार-पाच वर्षांपूर्वी मी रक्तदाब दाखवायला गेले होते. स्टीलच्या खुर्च्या, पंखे, गर्दी. समोरच्या रांगेत मला ती पोपटी साडी दिसली. धुऊन धुऊन तिचा रंग कोवळ्या भातासारखा फिका झाला होता, काठाची कड उसवलेली. मी मनात म्हटलं, अजून आहे! म्हणजे ठकूबाई जवळपास असतील. मी व्हरांड्यात शोधलं, दारात बघितलं. मग कळलं. साडीच्या आत ठकूबाईच होत्या.

इतक्या वर्षांत मी त्यांना त्या साडीत कधी बघितलं नव्हतं. शेजारी वनिता बसलेली, आता चांगली पोक्त बाई, हातात मोबाईल आणि मांडीवर तीच कागदांची पिशवी.

मी जाऊन बाजूच्या खुर्चीवर बसले. "ठकूबाई, ओळखलंत का?"

त्यांनी डोळे बारीक केले. "निळी बाई," म्हणाल्या. मग खोकला आला आणि बराच वेळ थांबेना. भट्ट्यांचा धूर, वनिता दुसरीकडे बघत म्हणाली. पावसाळ्याआधीपासून खोकतायत, रक्त पडायला लागलं तेव्हा आणलं. "समद्यांना आनलं हिनं. सोता यायला तयार न्हाई. म्हनती, साडी दुसऱ्या कुनाला लागली तर?"

तेवढ्यात आतून नवा शिपाई आला. मला ओळखत होता, त्याची आई माझ्या शेजारी राहते. "आजी, तुम्ही कशाला बसलाय? या आत, लगेच दाखवून टाकू."

मी पाटीकडे बघितलं. माझा नंबर बराच पुढचा होता. ठकूबाईंनी गुडघ्यावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "जावा की. तुमाला कोन आडवतंय?" टोमणा होता की नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. मी शिपायाला म्हटलं, "माझा नंबर येईल तेव्हा येईन." तो खांदे उडवून गेला. वनिताने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. हसली नाही. फक्त बघितलं.

आम्ही तिघी बसून राहिलो. काही वेळाने पाटीवर आकडा उमटला आणि आतून आवाज आला, "ठकूबाई गोमा वाघमारे."

त्यांचं आडनाव वाघमारे होतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांच्या नावाचा कागद त्याआधी कधी निघालाच नव्हता. शेकडो नावं मी त्यांच्या तोंडून ऐकून लिहिली, त्यांचं कधीच नाही.

त्या आत गेल्या. चांगला वेळ आत होत्या. बाहेर आल्या तेव्हा हातात थुंकी तपासायची डबी आणि पुण्याला दाखवायची चिठ्ठी होती. माझ्याकडे बघून हात किंचित वर केला, ते वाकडं बोट. मग दोघी दाराकडे निघाल्या. वनिता पुढे, पिशवी काखेत. ठकूबाई मागे, भिंतीला हात लावत, साडीच्या निऱ्या एका हाताने उचलून.

दारापाशी वनिता मागे न बघता म्हणाली, "हायस का, मावशे?"

"हाय," ठकूबाई म्हणाल्या.

पायऱ्यांवर पुन्हा एकदा विचारलेलं मला ऐकू आलं. उत्तर ऐकू आलं नाही, रस्त्यावरून टेम्पो जात होता.

त्या दिवाळीनंतर गेल्या. वस्तीवरच. पुण्याला दोनदा नेलं होतं, तिसऱ्यांदा त्या निघाल्या नाहीत. हे मला वनिताने बाजारात सांगितलं. ती तिथे खेकडे विकायला बसते, आणि वस्तीतलं कुणी आजारी पडलं की तीच घेऊन येते. आम्ही आता बोलतो. फार नाही. परवा मी तिला साडीचं विचारलं. मला वाटलं, ठकूबाईंच्या अंगावर घातली असेल. ती म्हणाली, "न्हाई. तिनंच बजावलं हुतं, ती नगं म्हनून. हाय माझ्याकडं. आढ्याला."

"अजून नेसतं का कुणी?"

"मंग? गेल्या बाजाराच्या दिशी माझ्या सुनंला नेसवली. फाटकीत नेलं की आजूनबी लांबनंच बघत्यात."

सई, निबंधासाठी तुला हेच खरं उत्तर. साडी आहे, आणि अजून लागते.

तुमची आजी